हवेनं घासलेली कढई

“आई, तो स्पंज नाहीये, ती हवा आहे, हवा!”

मी इतक्या जोरात ओरडले की हडपसर गाडीतळावर उभ्या असलेल्या बसगाड्या आपोआप सुरू झाल्या असाव्यात. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर कानातलं यंत्र काढून ठेवलं, आणि तरीही त्यांना सगळं ऐकू आलं, असं ते आजही सांगतात.

सासूबाई सिंकपाशी उभ्या होत्या. एका हातात आदल्या रात्रीच्या मटणाच्या रश्श्याची कढई, दुसऱ्या हातात फेसाळलेली गोल, जाड चकती. ती माझी चकती. माझ्या पीएचडीचा जीव तिच्यात होता.

झालं असं, की मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाऱ्या सरोवराचा अभ्यास करते. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा, बास. त्या हवेत जुनी कीटकनाशकं, ट्रान्सफॉर्मरमधलं जुनं तेल, जळत्या प्लॅस्टिकचं विष, असला न विरघळणारा, न कुजणारा, न मरणारा ऐवज तरंगतो का, ते बघायचं. त्यासाठी स्टीलच्या दोन वाडग्यांमध्ये, एक उलटा आणि एक सुलटा, फोमची चकती टांगून ठेवायची, हवेतलं विष ती शोषून घेते. पावसाळा संपल्यावर मी काठाकाठानं अशा चकत्या टांगल्या. एक वादळानं नेली, ती आता ब्रह्मदेशाच्या हवेचा अभ्यास करत असेल. दुसरीचे वाडगे इतके सुबक, की कुणीतरी त्यात कणीक मळायला घेतली. तिसऱ्यात बगळ्यानं संसार थाटला, त्याला उठवायची माझी छाती झाली नाही.

उरली ती एकच. एका कोळणीच्या ओसरीच्या खांबाला टांगलेली. ती बाई माझ्या चकतीपायी सख्ख्या दिरालाही तिथं विडी ओढू देत नसे. निघताना तिनं विचारलं होतं, समोरच्या काठावर रोज कचरा जळतो, त्या धुरातलं आमच्या पाण्यात आणि माशांत उतरतं का, पोरांना मासे घालू की नको. मी म्हणाले, चकती तपासून सांगते. शब्द दिला.

मग दीड दिवस रेल्वेत चकतीचा डबा मी तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून बसले. टीसीनं त्याचंही तिकीट विचारलं. पुण्यात पोचले शनिवारी संध्याकाळी, प्रयोगशाळेला सोमवारपर्यंत कुलूप, आणि चकती थंड राहायला हवी. म्हणून घरच्या फ्रीझरमध्ये, अगदी मागे. वर चिठ्ठी: ‘विषारी. खाऊ नये.’

पण पुण्यात थंडीत फ्रीझरवर हक्क असतो मटाराचा. सासूबाई मूळच्या मांजरी गावच्या, उसाचं रान विकून फ्लॅटमध्ये आल्या, पण शेताची सवय सुटली नाही. मटार स्वस्त झाला की त्या वर्षभराचा सोलून भरून ठेवतात. रविवारी सकाळी मी अंघोळीला गेले, तेवढ्यात मटाराला जागा हवी म्हणून माझा डबा बाहेर आला, उघडला गेला, आणि चंदेरी कागदात गुंडाळलेली कोरीकरकरीत घासणी सापडली. त्यांची जुनी झिजलीच होती.

चिठ्ठी वाचली नाहीत का, असं मी विचारलं.

“वाचली की. खाल्लं कुठं म्या?”

मी गाईड मॅडमना फोन लावला. रडत, हुंदके देत सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “कढई निघाली का स्वच्छ?” आणि सांगितलं की पुन्हा जा, पुन्हा टांगा, उन्हाळ्यापर्यंत थांबा. म्हणजे त्या बाईचं उत्तर उन्हाळ्यापर्यंत टांगलेलं. तोवर ती पोरांना काय वाढणार, ते मॅडमना विचारायची सोय नव्हती.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभं राहून मी असं व्याख्यान दिलं, की विद्यापीठात दिलं असतं तर तिथल्या तिथं डॉक्टरेट मिळाली असती. हे विष उन्हानं जात नाही, पावसानं जात नाही, मातीत कुजत नाही. हवेतून पाण्यात, पाण्यातून माशाच्या चरबीत, तिथून आईच्या दुधात, आणि तरी जसंच्या तसं. जन्मात जात नाही हो आई, माणसं जातात पण ते जात नाही.

सासूबाईंनी कढई उजेडात धरून पाहिली, पालथी घातली आणि चकती पिळून माझ्या हातात दिली.

“मग माझ्या एका घासण्यानं कसं गेलं? आसंल त्यातच.”