दिवसाचा काळोख राखणारी शूकाकी

माझ्या हातून आयुष्यात एक चोरी झाली, आणि तीही मी देशकार्य समजून केली. सोळा वर्षांची होते. दोन घट्ट वेण्या, मॅट्रिकचं वर्ष, आणि संयुक्त महाराष्ट्र केवळ माझ्या आवाजासाठी अडून बसलाय अशी पक्की समजूत. त्या भरात शेजारच्या शूकाकीचं काळं कापड मी गॅलरीतल्या दोरीवरून ओढलं, त्याचे चौदा झेंडे कापले आणि तिच्याच दारावरून ताठ मानेनं खाली उतरले. नातवंडं मला हुशार समजतात. समजू देत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

शूकाकी आमच्या लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. एका खोलीत तिची चूल, आणि लागून असलेल्या खोलीत बारा गडी, सगळे मालवणाकडचे, गिरणीत कामाला. सहा दिवसपाळीला, सहा रातपाळीला. पथाऱ्या मात्र सहाच. एक उठला की दुसरा त्याच पथारीवर आडवा. काकीचं खरं नाव कुणी विचारलं नाही. तिचं प्रत्येक वाक्य ओठांवर बोट ठेवून 'शू'नं सुरू व्हायचं, एवढंच. "शू, जेवलंस काय गो?" "शू, आवस खंय तुझी?" म्हणजे आई कुठाय. लग्नाचं आमंत्रण द्यायलाही ती अशीच आली असती.

रातपाळीचे गडी सकाळी सातला येत आणि दुपारी तीनपर्यंत झोपत. तेवढा वेळ चाळीवर काकीचं राज्य. गळक्या नळाला ती चिंधी बांधायची आणि तिचं टोक बादलीत सोडायची, म्हणजे थेंब आवाज न करता उतरे. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की पाण्याचा तांब्या घेऊन खाली. पाणी पाजायचं आणि पुढच्या गल्लीत पाठवायचं. माझ्या आईनं खलबत्ता काढला की भिंतीवर तीन टिचक्या येत. आई चिडायची, "आम्ही काय मसाला चघळून खायचा?" पण खलबत्ता ठेवून द्यायची.

गडी आले की त्यांना चहा नाही. "चाय गिरणीत जाताना. येताना पेज." गरम पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा, मग तळपायांना खोबरेल. मोठमोठे मिशीवाले बाप्ये भिंतीला टेकून पाय चोळत बसायचे, बघून मला हसू फुटायचं. काकी म्हणायची, "पाय आधी निजव. डोक्या मगे आपसूक निजता." उठवायची तीही हाक मारून नाही. पायाचा अंगठा हळूच दाबायची. "हाक मारलंस तर माणूस दचाकता. दचाकलेलो माणूस मशिनीर नको."

आणि खिडकीला ते कापड. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरून उडालेलं ऊन दिवसभर गड्यांच्या तोंडावर यायचं. घोंगडी लावली तर आत जीव घुसमटे. म्हणून काकीनं गिरणीतलं विरळ कापड घरी काळं रंगवलं, दोन पट्टे हिरव्या दोऱ्यानं जोडले. वारा आत, उजेड बाहेर. संध्याकाळी गडी कामावर गेले की ती ते धुवायची, रात्रभर दोरीवर वाळवायची आणि सकाळी पुन्हा लावायची.

पुढे मी परळच्या एका इस्पितळात नर्स झाले. रात्रपाळ्या केल्या त्या याच पेजेवर आणि याच खोबरेलावर. बरोबरीच्या मुली घरी जाऊन चहा ढोसायच्या आणि दिवसभर छताकडे बघत पडायच्या, त्यांनाही हेच शिकवलं. काकी तोवर गावी गेली होती. ती वारल्याचं कळलं ते पोस्टकार्डानं, महिन्याभरानं.

असो. चोरीचं सांगते. कुणी बडा पुढारी दादरला यायचा होता आणि त्याला काळे झेंडे दाखवायचे होते. साऱ्या परळ-लालबागला एकदम काळं कापड हवं झालं, दुकानांत चिंधी उरली नाही. सकाळी सहाला काकी पाण्याच्या रांगेत होती आणि ते कापड समोर दोरीवर होतं. कुणाचं आणि कशाला, हे मला ठाऊक होतं. पण मनात म्हटलं, एक दिवस उजेडात झोपले तर काय बिघडतं?

काय बिघडतं ते बाळाला विचारायला हवं होतं. बाळा रातपाळीच्या सहांतला सर्वांत लहान, मागावर होता. आदल्या आठवड्यात उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता. जॉबरनं, म्हणजे खात्यावरच्या मुकादमानं, बजावलं होतं, पुन्हा दिसलास तर कायमच्या कामावरून काढीन, मग बदलीवाल्यांत रोज गेटवर उभा राहा, कुणी गैरहजर असेल तरच काम. काकीला नोकरीहून मोठी भीती बोटांची होती. तिच्याच एका जुन्या गड्याची दोन बोटं डुलकीपायी यंत्रानं नेली होती.

दुपारी बाराला मी घसा बसवून, विजयी मुद्रेनं परतले. काकीचं दार अर्धवट उघडं होतं. काकी पाटावर चढून खिडकीशी उभी होती, स्वतःचं दुसरं लुगडं चौपदरी करून दोन्ही हातांत ताणून धरलेलं. खाली वारा येईल एवढी फट. सकाळी सातपासून ती अशीच होती. पाच जण कसेबसे झोपले होते. बाळा डोळ्यांवर मनगट टाकून जागाच.

"शू. ये गो. ह्या टोक धर."

मी धरलं. पाच मिनिटांत माझे खांदे भरून आले. काकी बाळाच्या कुशी मोजत होती. एका घटकेनं तो हलायचा थांबला. काकीनं माझ्याकडे बघून मान डोलवली, आणि तेवढ्यात खालून घोषणा उठली. आमच्याच मोर्चातल्या मुली, माझेच झेंडे, आणि माझाच आवाज नाही म्हणून दुप्पट जोर!

मी धावत खाली गेले. "ओरडू नका गं! वर माणसं झोपलीत!"

आमची पुढारी सुमन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "महाराष्ट्र पेटलाय आणि तुला झोपा सुचतात?"

"रातपाळीचे आहेत, सुमे."

"सकाळी गळा फाडत होतीस, तेव्हा नव्हते रातपाळीचे?"

मी तिच्या हातातला झेंडा हिसकला. 'फितूर' म्हणून मुली बाकीचे झेंडे माझ्या अंगावर टाकून गेल्या. वर पाहिलं तर गॅलरीत काकी. तिची नजर माझ्या हातातल्या झेंड्यावरच्या हिरव्या दोऱ्यावर होती. ती आत गेली. तीनला बाळाचा अंगठा दाबायची वेळच आली नाही. तो उठून बसलेला होता, डोळे लालभडक.

रात्री मी झेंडे जोडले. दहाच सापडले, उरलेल्या जागी बाबांच्या छत्रीचं कापड लावलं. सकाळी सातला ते बोचकं छातीशी धरून काकीच्या दारात उभी राहिले. पाच गडी आले. बाळा नाही. "खंय तो?" काकीनं विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचं खातं वेगळं. साडेसात झाले. पेजेवर साय धरली. काकी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी, आणि मी तिच्यामागे.

आठ वाजून गेल्यावर बाळा जिना चढून आला. काकीनं आधी त्याचे दोन्ही हात ओढून घेतले आणि एकेक बोट चाचपून मोजलं. दहा. मग तिनं श्वास सोडला.

"घेरी येऊक लागली काकी," बाळा म्हणाला. "मीच माग बंद केलंय आणि जॉबराक सांगितलंय. काढल्यान माका. उद्यापासून गेटार."

"बोटां आसत मा? मगे माग गावतलो. पेज घे."

तिनं स्वतः त्याच्या तळपायांना तेल चोळलं. मी बोचकं पुढे केलं. तिनं ते उलगडलं, छत्रीच्या कापडावरून हात फिरवला आणि खिडकीला लावलं. खोलीत काळोख झाला. दोन मिनिटांत बाळा घोरायला लागला. आता मात्र मला राहवेना. "काकी, मी चोरलं, माझ्यामुळे त्याची नोकरी..." म्हणत मी मोठा गळा काढला.

काकीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला दाराबाहेर ढकलत म्हणाली, "शू! रडूचा आसात तर खाली नळार जाऊन रड गो. हंय माणसां निजली आसत."