इंग्रजी सुटेपर्यंत

मॅट्रिकला पहिल्यांदा नापास झाले तेव्हा घरात कुणी रागावलं नाही. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत नापास होणाऱ्या मुली काही कमी नव्हत्या. वडील कामावरून आले, निकाल ऐकला आणि म्हणाले, "ऑक्टोबरला बस." बसले. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. मार्चला पुन्हा तेच. मग मात्र नातेवाईक बोलायला लागले आणि माझं लग्न ठरलं.

सासर देवळाली कॅम्पात. सासूबाई सिन्नरकडच्या, निरक्षर, बोलायला फटकळ. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी विचारलं, "किती शिकलीस गं?"

"मॅट्रिक नापास."

"नापास हे काय शिक्षण हाय का? काय राहिलंय?"

"इंग्रजी."

"मग उरकून टाक की ते!" जणू चार भांडी घासायची राहिली होती.

फॉर्म भरला. पुन्हा नापास. रडत घरी आले तर सासूबाई ओट्यावर गहू निवडत बसलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मागल्या खेपेपरीस वाढले का घटले?"

वाढले होते. पास व्हायला थोडेच कमी पडले होते. त्या उठल्या, वाटीत साखर घेतली आणि शेजारीपाजारी वाटायला निघाल्या.

"अहो, सून नापास झाली ना?" शेजारीण म्हणाली.

"झाली. पर वर चढलीय."

लाजेनं मला नळावर जायची सोय राहिली नाही. पण आता हे सोडायचं नाही, हेही त्याच दिवशी मनाशी पक्कं झालं.

त्याच वर्षी शेजारच्या खोलीत एका मल्याळी जवानाची बायको बाळाला घेऊन राहायला आली. मॅट्रिक झालेली, पण मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. नवरा सरावाला गेला की दिवसभर एकटी. एका दुपारी बाळ तापानं फणफणलं. ती आमच्या दारात येऊन इंग्रजीत भराभरा बोलू लागली. मला 'बेबी' आणि 'फीवर' एवढंच कळलं. पदर खोचला आणि तिला बाजारातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला मराठीत सांगितलं, ते मी तिला सांगायचं होतं.

"मॉर्निंग वन, नाइट वन. नो कोल्ड वॉटर."

तिनं मान हलवली, तेच शब्द पुन्हा म्हणून दाखवले. माझं इंग्रजी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं.

बाळ बरं झालं आणि आमची मैत्री जमली. भाजी घेताना, कपडे धुताना आम्ही इंग्रजीतच बोलायचो. ती माझी वाक्यं दुरुस्त करायची, मी तिला मेथी आणि शेपू ओळखायला शिकवायची. संध्याकाळी मी धडे मोठ्यानं वाचायची. सासूबाई तिच्या बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसायच्या. त्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण मी अडखळले की लगेच म्हणायच्या, "हं, पुढं?"

पुढच्या मार्चला मी पास झाले. शाळेतल्या कारकुनांना माझा चेहरा पाठ झाला होता. गुणपत्रिका देताना तेच हसले आणि म्हणाले, "बाई, आता पुन्हा येऊ नका." घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मी इंग्रजी टायपिंगचा क्लास लावला. तिथल्या परीक्षेलाही पहिल्यांदा नापास झाले. पण आता त्याचं भय उरलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पास झाले आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले.

साहेबांनी कागद चाळले. "इंग्रजीत इतक्यांदा नापास, आणि इंग्रजी टायपिस्ट व्हायचंय?"

"हो साहेब. सुटेपर्यंत बसले."

त्यांनी एक मजकूर टाइप करायला दिला. मी करून दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, एकही चूक निघाली नाही.

"सोमवारपासून या."

पहिल्या दिवशी सासूबाई मला एसटीपर्यंत सोडायला आल्या. मी खिडकीशी बसले. खाली उभ्या राहून त्यांनी कंडक्टरला हाक मारली आणि त्यानं काही विचारलं नसताना साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही माझी सून हाय. इंग्रजीत काम करती."