नसीमआपांच्या दोन खोल्या

नसीमआपा कुठलीही गोष्ट आधी सांगून मगच करायच्या. "आता मी खिडकी लावणार हाय, आवाज व्हईल," असं म्हणून थोडं थांबायच्या आणि मग खिडकी लावायच्या. ही सवय त्यांना मुलांमुळं लागलेली, पण ती अंगात इतकी मुरली होती की मोठ्या माणसांशीही त्या तशाच वागत. पहिल्यांदा माझ्याकडं आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, मी आता तुमच्याकडं एक गोष्ट मागणार हाय. ऐकल्या ऐकल्या न्हाय म्हणू नका. आधी पाणी प्या, मग ऐका."

मी खरोखरच पाणी प्यायलो.

येरमाळ्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. रस्त्याच्या अंगाला शाळेची जुनी इमारत आणि तिच्या मागं, मैदानाच्या टोकाला, व्हरांड्याच्या दोन नव्या खोल्या. या खोल्या बांधल्या तेव्हा पट भरपूर होता. पुढं इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात यायला लागल्या आणि पट घटत गेला. खोल्यांत मोडकी बाकं आणि जुने नकाशे तेवढे उरले. आपांना त्या खोल्या हव्या होत्या.

आपा येरमाळ्याच्या. नवरा टेलर. धाकटा भाऊ सलीम जन्मभर एक शब्द बोलला नाही आणि विशीतच गेला. त्याच्यासाठी काही शिकावं म्हणून लग्नानंतर, दोन मुलं पदरात असताना, त्यांनी विशेष शिक्षणाची पदविका केली. ती हातात पडली तेव्हा भाऊ नव्हता. मग घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वमग्न आणि गतिमंद मुलांची शाळा सुरू केली. छोटीशी संस्था नोंदवली. मुलं वाढली, खोली पुरेना. "दुकानाच्या मशीनचा आवाज आमच्या लेकरांना सहन व्हत न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागल्या खोल्यांत लई शांतता हाय, सर. म्या दोनदा येऊन नुसती ऐकून गेलेय."

खोल्या ऐकून जाणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

भाडेपट्ट्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढं गेला तेव्हा एकजण उठून म्हणाला, "ती पोरं आमच्या पोरांत मिसळली तर?" आपा शांतपणे उभ्या राहिल्या. "दादा, मिसळायलाच तर चार-चार वर्षं लागत्यात. मिसळली तर मी सगळ्या गावाला पेढे वाटीन." लोक हसले आणि ठराव मंजूर झाला. पुढं तालुका, जिल्हा, पुन्हा तालुका असा कागद फिरून तीन वर्षांचा करार झाला. सह्या करण्याआधी मी त्यांना एक अट मुद्दाम वाचून दाखवली. शाळेला गरज पडल्यास एक महिन्याच्या सूचनेवर खोल्या रिकाम्या कराव्या लागतील.

"सर, आमच्या लेकरांना चप्पल बदलायला महिना लागतो," आपा म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत, पण सही केली.

गंमत नव्हती ती. लक्ष्मीला पाहिलं तेव्हा मला कळलं. लक्ष्मी आमच्याच गावच्या मेंढपाळाची मुलगी, सात-आठ वर्षांची. बोलायची नाही, कुणाकडं पाहायची नाही. बाप तिला खांद्यावरून आणायचा आणि खाली ठेवलं की ती मैदानाच्या कडेला जमिनीवर अंग टाकायची. आपांनी तिला एकदाही आत ओढलं नाही. त्या आपलं बस्कर घेऊन तिच्याशेजारी मातीत बसायच्या. रोज बस्कर वीतभर खोलीकडं सरकायचं. "आज एवढंच. उद्याचं उद्या," म्हणायच्या. दिवाळीच्या आधी सुरू झालेला हा प्रवास उंबऱ्यापर्यंत पोचला तेव्हा उन्हाळा लागला होता. एके दिवशी लक्ष्मी आपण होऊन उठली, आत गेली आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात भिंतीला गाल लावून बसली. मी वर्गाच्या दारातून पाहत होतो. आपा बाहेरच बसून राहिल्या, डोळ्यांना पदर लावून. बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलं का? तिनं जागा निवडली. तिनं निवडली, सर, आपण दिली न्हाय."

त्यानंतर लक्ष्मी रोज त्याच कोपऱ्यात बसायची. दुसऱ्या वर्षी तिनं हाताला धरून आपांना माठाकडं नेलं. पाणी मागितलं म्हणायचं ते. तिच्या आईनं त्या दिवशी शाळेत येऊन आपांच्या पाया पडायला वाकावं आणि आपांनी तिला मधेच धरावं, हे अजून मला दिसतं.

आमच्या शाळेचा टोल म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो वाजला की मागची मुलं कान दाबून ओरडायची. आपा आल्या. "सर, टोल बंद करा म्हणायचा मला हक न्हाय. पण हातोडीला चिंधी गुंडाळली तर?" आम्ही चिंधी गुंडाळली. आमच्या शाळेचा टोल बसक्या आवाजात वाजायला लागला आणि आमच्या मुलांना त्याचीच सवय झाली. चौथीच्या मुली मधल्या सुट्टीत मागं जाऊन मणी ओवायला बसायच्या. आपांनी गावाला नाही, पण त्या मुलींना पेढे दिले.

मग जुन्या इमारतीचं छत पडलं.

रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. सोमवारी कुलूप काढलं तर दुसरीच्या वर्गात बाकांवर सिमेंटचे ढपले पडलेले आणि वर गंजलेल्या सळया उघड्या. अभियंते येऊन पाहून गेले. इमारत धोकादायक, आत मुलं बसवू नयेत, असं लेखी आलं. चारही वर्ग आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात नेले. ओळीत बसलेली मुलं, दर्शनाला येणारी माणसं, घंटा. पंधरा दिवसांतच पालक माझ्याभोवती जमले. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

"आमची लेकरं देवळात अन् शाळेच्या खोल्या दुसऱ्याला? काय करायलाव तुम्ही, सर?"

वर विचारलं तर उत्तर आलं, शाळेकडून लेखी मागणी हवी. मी ती लिहिली. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. दोन खोल्या शाळेस तातडीने आवश्यक आहेत. मैदानात उभं राहून कागद पाकिटात घातला तेव्हा मागच्या व्हरांड्यात आपा मुलांना रांगेत हात धुवायला शिकवत होत्या. तीस पावलांवर होत्या. जाऊन सांगावं असं मनात आलं आणि मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. शेवटी पंधरा दिवसांनी त्यांना कळलं ते नोटिशीसोबत आलेल्या माझ्या पत्राच्या प्रतीवरून.

त्या देवळात आल्या. तिसरीचा वर्ग चालू होता. त्यांनी मुलांकडं नीट पाहून घेतलं. एक मुलगा खांबाला टेकून लिहीत होता, पाटी मांडीवर. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पत्र तर तुम्ही लिहायलाच पायजे होतं. ही पण लेकरंच हायत. हक ह्यांचाच हाय." खांबाजवळच्या मुलाकडं पुन्हा पाहिलं. "पण आधी सांगायचं होतं, सर. मी त्याच दिवशीपासून लेकरांना सांगायला लागले असते. पंधरा दिवस जास्तीचे मिळाले असते."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही दोघं एसटीनं धाराशिवला गेलो. एक खोली तरी राहू द्या, निदान वर्षाअखेरपर्यंत, असा अर्ज होता. जिल्हा परिषदेतले साहेब चांगले होते. त्यांनी आपांना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. "एका खोलीत चार वर्ग बसतील का?" त्यांनी मला विचारलं. "नाही ना? मग मी तरी काय करू, मॅडम? कुठंही सही केली तरी लेकरंच बाहेर बसणार." परतीच्या गाडीत आपा खिडकीशी बसल्या होत्या. येडशी गेल्यावर एकदाच बोलल्या. "माणूस वाईट न्हाय. वाईट असता तर भांडता आलं असतं."

येरमाळ्यात हायवेलगतच्या एका दुकानामागं त्यांना हॉल मिळाला. उरलेल्या दिवसांत त्या दोघा-दोघा मुलांना रिक्षातून तिकडं नेऊन दहा मिनिटं बसवून परत आणत. काही मुलं रुळली. लक्ष्मी नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की ती स्वतःच्या मनगटाला चावायची. शेवटच्या दिवशी आपांनी खोल्या झाडून, पुसून दिल्या. भिंतीवरची चित्रं काढताना प्रत्येक मुलाला आधी दाखवत होत्या. लक्ष्मीला तिच्या बापानं कोपऱ्यातून उचललं तेव्हा ती जी ओरडली, ते ऐकून देवळातली आमची मुलं पाढे म्हणायची थांबली.

पुढच्या आठवड्यात तिसरी आणि चौथी मागच्या खोल्यांत आली. पहिली आणि दुसरी व्हरांड्यात. लक्ष्मी चार-पाच वेळा घरातून निसटून तिथं आली. दारातून आत पाहायची. तिच्या कोपऱ्यात दप्तरं रचलेली असायची. मुलं एका आवाजात वाचायला लागली की ती कान दाबून मागं वळायची. मग बापानं घराच्या फाटकाला कडी बसवली.

आपांनी तो हॉल वर्षभर चालवला. एकेक करून मुलं गळाली. माझ्या निवृत्तीनंतर एकदा येरमाळ्याच्या स्टँडवर भेट झाली. हातात पिशवी, बाजूला ट्रंक. लातूरकडच्या एका निवासी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. जुन्या इमारतीच्या जागी नवी बांधायचं मंजूर झालंय, असं मी घाईघाईनं सांगितलं. ती झाली की मागच्या खोल्या पुन्हा मोकळ्या होतील.

"तवर लक्ष्मी पंधरा वर्षांची व्हईल, सर," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. मग विचारलं, "तिच्याकडं कधी जाता का?"

मी नाही म्हणालो.

"जात जावा. काही शिकवू नका. नुसतं बसा." गाडी लागली. कंडक्टरनं ट्रंक वर घेतली. आपा पायरीवर वळल्या, पण मागून लोक लोटत होते.

आठवड्यानं मी गेलो. लक्ष्मी अंगणात कोकरांमध्ये बसली होती, माझ्याकडं पाठ करून. उंच झाली होती. मनगटावर जुने वण होते. मी शेजारी दगडावर बसलो. तिची आई चहा देऊन आत गेली. मग मी म्हणालो, "लक्ष्मी, तुझी खोली मी मागून घेतली. पत्र मी लिहिलं होतं."

ती कोकराच्या कानावरून बोट फिरवत राहिली.

आतून तिच्या आईचा आवाज आला, "सर, तिला काय कळायलंय त्यातलं?"

आपा असत्या तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तसाच बसून राहिलो.