पेटीच्या वेळी पलटलेली कॅसेट

डोंबिवलीच्या आमच्या संगीत मंडळात मैफली टेप करण्याचं काम पंधरा-सोळा वर्षं माझ्याकडे होतं. मला गाता येत नाही, वाजवताही येत नाही. याद्या नीट ठेवता येतात, म्हणून ते माझ्याकडे आलं.

नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते. गाणाऱ्याची सही असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कॅसेट विकायची नाही; कोरी आणा, भरलेली न्या. कोणाला स्वतःचा टेपरेकॉर्डर आणायचा असेल, तर त्यानेही वहीत नोंद करायची. कलाकार चहा पिता पिता सही करत. एका गायकांनी सहीखाली लिहिलं होतं, ‘श्रोत्यांच्या खोकल्यासकट.’

एक कसब मात्र वहीत नव्हतं. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी पलटावी लागते, आणि गाणं तर तुटायला नको. म्हणून चाळीस मिनिटं झाली की मी वाट बघायची, गाणारा कधी दम घेतो आणि पेटीवाल्याला ‘घ्या’ म्हणून खूण करतो. पेटी सुरू झाली की मी खाली वाकून कॅसेट पलटायची, तेवढ्यात कार्डावर रागाचं नावही लिहून घ्यायची. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून बटण लगेच दाबायचं नाही; पेटी संपून गाणं परत सुरू होणार असं दिसलं की मगच दाबायचं. मला याचा फार अभिमान होता.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमच्यातली एक श्रोती अमेरिकेला लेकाकडे गेली. त्या मुलाने अशा मैफलींसाठी इंटरनेटवर एक जागा केली होती. कोणीही, कुठूनही, फुकट ऐकावं. अट एकच, कलाकारांची परवानगी. कॅसेटसाठी दिलेली सही इंटरनेटला चालेल असं मला वाटलं नाही. वहीत नवा रकाना आखला आणि फोनला बसले.

पहिला फोन ठाण्याच्या एका गायिकाबाईंना. त्यांचा एक मारवा आमच्या संग्रहातला सर्वांत सुंदर होता.

“फुकट आहे ना?” त्यांनी विचारलं.

“अगदी फुकट.”

“मग ऐकू देत. तबल्यावर माझा भाचा होता, त्याचं मी सांगते. पण पेटीवर मास्तर होते. त्यांना विचारलंत?”

वही समोर उघडीच होती. इतक्या वर्षांत साथीदारांचा रकानाच नव्हता.

मास्तर कोपरला राहत आणि पेटीच्या शिकवण्या घेत. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नको.”

“मास्तर, पैसे कोणीच घेत नाही यात.”

“पैशाचं कोण बोलतंय? त्या मारव्यात मी आहे कुठे, ताई?”

“साथीला आहात की, शेवटपर्यंत.”

“साथीला आहे. पण बाईंनी मला जागा दिली होती, ती कुठाय? मी वाजवायला घेतलं की तुम्ही खाली वाकायच्या. मी वरून बघायचो. पहिल्यांदा वाटलं, चष्मा पडला असेल. पण दर वेळी कसा पडेल?”

मी पलटण्याचं कारण सांगायला लागले.

“ते कळलं होतं मला, म्हणून तर कधी बोललो नाही. त्या दिवशी बाईंनी चांगली सात-आठ मिनिटं दिली होती. तसं पुन्हा माझ्या हातून वाजलं नाही. आता हे जगभर जाणार म्हणता. तिथेही मी नुसता मागे मागे चाललेला. नको.”

घरी येऊन मारवा लावला. बाईंचा ‘घ्या मास्तर’, पेटीचे चार स्वर, खट्ट, आणि लगेच बाई. दुसऱ्या कॅसेटी काढल्या. बहुतेकांत तसंच होतं.

मग वहीतलं त्या दिवसाचं पान नीट वाचलं. दुसऱ्या टेपरेकॉर्डरची एक नोंद होती. कोलशेतच्या कोळीवाड्यातले एक गृहस्थ, तिथल्याच कारखान्यात नोकरीला. पुढे माझ्याच अक्षरात शेरा, ‘अर्धा तास उशिरा.’ त्यांची कॅसेट अर्ध्या तासाने सुरू झाली असेल, तर पलटलीही माझ्यानंतर अर्ध्या तासाने असणार. म्हणजे पेटीच्या वेळी ती चालू होती. पुढच्या रविवारी माजिवड्याला बस बदलून कोलशेतला गेले.

“बाय, तवा किती बोलल्या व्हत्या मला,” ते म्हणाले. “मैफल काय तुमच्यासाठी थांबेल काय, बोलल्या.”

“बोलले होते.”

“आता माझा उशीरच कामाला आला ना?” त्यांनी कॅसेट माझ्या हातावर ठेवली. “न्या. पन परत आना हां. वहीत लिवा.”

मी त्यांच्यासमोरच लिहिलं.

मैफलीत ते बसले होते दाराजवळ, पंख्याखाली. त्यामुळे कॅसेटभर पंख्याची घरघर होती आणि पेटीच्या मधोमध कोणीतरी ‘नंतर चहा आहे का?’ असं विचारत होतं. पण पेटी पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत होती.

मास्तरांनी ती पूर्ण ऐकली. मग मागे घेऊन पुन्हा ऐकली.

“इथे घसरलोय,” एका ठिकाणी म्हणाले. थोड्या वेळाने, “हा चहावाला कोण?”

“माहीत नाही.”

“हे मधे जोडता येईल?”

“तो मुलगा जोडेल. पण आवाज एकदम बदलेल. पंखा ऐकू येईल. चहासुद्धा.”

“येऊ दे.”

मी वही पुढे केली. आता आणखी एक रकाना आखला होता, त्यावर ‘साथीदार’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं, खाली स्वतःच्या अक्षरात ‘हार्मोनियम’ लिहिलं आणि मग सही केली.

कोलशेतची कॅसेट वेळेत परत केली. पुढच्या मैफलीपासून मी दोन टेपरेकॉर्डर न्यायला लागले. दुसरा अर्ध्या तासाने सुरू करायचा.

मारवा इंटरनेटवर गेल्यावर काही महिन्यांनी परदेशातल्या एका श्रोत्याची ई-मेल आली. मधली सात-आठ मिनिटं आवाज खराब आहे, घरघर येते, तेवढा भाग काढून टाकता येईल का? मी तक्रारीची नोंद केली आणि त्याच दिवशी उत्तर पाठवलं, काढता येणार नाही.