नणंदबाईंच्या नावाची मूठ

सुरत शहरातल्या रिकाम्या भांड्याच्या नशिबी दोनच गोष्टी असतात. एकतर ते आमच्या थोरल्या नणंदबाईंच्या नजरेस अजून पडलेलं नसतं, नाहीतर त्यात पालक उगवलेला असतो. तिसरी अवस्था मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिलेली नाही. फुटकी बादली, बूड गेलेला पिंप, कान तुटलेली कढई, कुणाच्या तरी नातवाचा जुना टब, काहीही दिसलं की ताई आधी ते उचलून वजन बघतात, मग बोटाने टकटक करतात आणि म्हणतात, "यात चार मिरच्या सहज होतील गं." आमच्या ह्यांचं हेल्मेट एकदा नुसतं सोफ्यावर राहिलं होतं. त्याला बारीकसा तडा होता, तेवढं निमित्त पुरलं. आता ते बमरोलीतल्या एका खोलीच्या खिडकीला उलटं टांगलेलं आहे आणि त्यात पुदिना आहे. हे म्हणतात, "माझ्या डोक्यात आयुष्यभर काही उगवलं नाही, हेल्मेटमध्ये तरी उगवलं."

कामरेजला ह्यांच्या ऑफिसातल्या एका पटेलांच्या मुलीचं लग्न होतं. मी ठेवणीतली साडी नेसले, ताईंनाही आग्रह करून नेलं. आम्ही आहेराचं पाकीट हातात घेऊन स्टेजच्या रांगेत उभे, तर ताई गायब. शोधत मांडवाच्या मागे गेले, तर या तिथे आचाऱ्याशी गुजरातीत गप्पा मारत उभ्या. "भाई, खाली डब्बा होय तो आपजो ने!" तेलाचे रिकामे डबे त्यांनी एकावर एक रचूनही घेतले होते. वधूवरांना आशीर्वाद द्यायचा राहिला तो राहिलाच. परतताना गाडीची डिकी भरली, मागची सीट भरली आणि एक डबा माझ्या मांडीवर आला. साडीवर पडलेला तो तेलाचा डाग अजून निघालेला नाही. ताईंना दाखवला तर म्हणाल्या, "त्या डब्यात कारली किती छान आलीत, बघायला चल एकदा."

ताई पोस्टातून निवृत्त झाल्या. सगळी नोकरी काउंटरच्या मागे गेली, त्यामुळे समोरच्याचं काम झालं की "पुढे!" म्हणायची सवय हाडीमांसी मुरली आहे. डॉक्टरांनी गुडघा तपासला की डॉक्टरांनाच "पुढे!" म्हणतात. देवळात त्या फारशा जात नाहीत, पण गेल्याच तर नमस्कार आटोपून स्वतःलाच "पुढे!" म्हणून बाजूला होतात. पदराच्या टोकाला बियांची गाठ कायम. कुठे भेंडी, कुठे गिलकी, कुठे गवार, कोणत्या साडीला काय बांधलंय ते त्यांनाच ठाऊक. एकदा धुणंवालीने न बघता साडी भिजत टाकली, तर तिसऱ्या दिवशी दोरीवरच्या पदराला मोड आले होते. आणि एवढं सगळं गाव हिरवं करणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या अडाजणच्या गॅलरीत धड तुळससुद्धा जगत नाही. जगणार कशी? बाई सकाळी घर सोडते ती दिवेलागणीला परत येते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

याची सुरुवात कोसाडच्या वसाहतीत झाली. तिथे राहणाऱ्या एका जुन्या सहकारी बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, म्हणून ताई गेल्या. चार मजली इमारती, छोटी छोटी घरं, आणि बहुतेक घरांत धुळे-जळगावकडची माणसं. पुरुष लूमवर नाहीतर मिलमध्ये, बाया दिवसभर घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवणार. ताई ज्या घरी गेल्या तिथली पोरं बटाट्याची भाजी आणि पोळी खात होती. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. आणि गॅलऱ्यांतून अडगळ. "हिरवं काही खाता की नाही?" असं ताईंनी विचारलं, तेव्हा निर्मलाबाई नावाची एक बाई हसून म्हणाली, "गावले सगळं वावरमा व्हतं, ताई. आठे माती कोठे शे?" गावाला सगळं शेतात होतं, इथे माती कुठे आहे. ताईंनी हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षातून मातीची पोती घेऊन हजर झाल्या.

आता या बाया शेतात वाढलेल्या आणि ताई पोस्टात, त्यामुळे पहिल्या वर्षी शिकवणं कमी आणि भांडणं जास्त झाली. बायांना वाटे, बादलीत कधी दोडका येतो का? ताईंना वाटे, पुस्तकात लिहिलंय म्हणजे येणारच. त्यात कुणाच्या तरी नवऱ्याने मिलमधून रंगाचे रिकामे पिंप आणले. ताई हरखल्या, एवढी मोठी भांडी फुकट! पालक टरारून आला. पण पाणी घातलं की खालून गुलाबी ओघळ निघायचा, आणि खालच्या मजल्यावरच्या एका काकांचा दोरीवरचा पांढराशुभ्र लेंगा लग्नातल्या फेट्यासारखा झाला. ताईंनी तो सगळा पालक स्वतःच्या हाताने उपटला, एक पान कुणाला खाऊ दिलं नाही, आणि काकांना नवा लेंगा नेऊन दिला. तेव्हापासून मिलचा पिंप दिसला की त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात. मिलमधून घ्यायच्या त्या फक्त साडीच्या काठाच्या चिंध्या. त्यांच्या दोऱ्या वळून बायांनी मांडव केले. जरीच्या काठावर कारल्याचा वेल चढलेला मी फक्त कोसाडलाच पाहिला.

ताईंचा एक नियम मात्र बायांना फार टोचायचा. त्या कुणाच्याही घरी खात नसत. चहासुद्धा नाही. पिशवीत स्वतःचा डबा, त्यात थालीपीठ, जिन्यात बसून खायचं. मी म्हटलं, "अहो ताई, त्यांना वाईट वाटतं." तर म्हणाल्या, "आज एकीने चहा केला तर उद्या सगळ्या करतील. परवा मी येणार म्हटलं की दूध आणायला धावतील. आपण भाजी लावायला जातो, संपवायला नाही." म्हणणं बरोबरच होतं. पण निर्मलाबाईची सासू जिन्यात बसलेल्या ताईंकडे बघून दरवेळी तोंड फिरवायची. म्हातारीचा राग त्याआधीपासूनचा होता. पहिल्याच आठवड्यात ताईंनी तिचं जुनं घमेलं न विचारता उचलून त्यात कोथिंबीर पेरली होती. म्हातारी ते घमेलं गावाहून घेऊन आली होती. तेव्हापासून ताई आल्या की ती दारातच पाय पसरून बसे आणि ताईंना तिच्या पायांवरून वळसा घालून आत जावं लागे.

याच निर्मलाबाईच्या गॅलरीत गंगाफळाचा वेल होता. तुमच्याआमच्या भाषेत लाल भोपळा. तिची आई अमळनेरकडच्या खेड्यात राहायची, तिने मरायच्या आधी पुरचुंडीत बांधून दिलेलं हे बी. निर्मलाबाईने ते पाच-सहा वर्षं डब्यात जपलं होतं. लावलं तर त्यातलं एकच उगवलं. ताईंचा जीव त्या वेलावर जडला. असं गावठी बी आता मिळत नाही, ते वसाहतीतल्या प्रत्येक गॅलरीत गेलं पाहिजे, एवढाच ध्यास. फुलं आली, पण तिसऱ्या मजल्यावर माशी कुठली? मग ताई सकाळच्या पहिल्या बसने जाऊन नरफूल खुडत आणि मादीफुलात फिरवत. त्याला त्या "लग्न लावणं" म्हणत. लग्नं बरीच लागली, संसार एकच टिकला. फळ लिंबाएवढं झालं तेव्हापासून ताई त्याची खबर मला रोज फोनवर देत. माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाची त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

श्रावण आला आणि गोष्ट अडली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाई बसते. त्या दिवशी रोट करतात, म्हणजे पुरणपोळी, खीर आणि गंगाफळाची भाजी. घरात जितके पुरुष, त्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाची मूठ काढून दळायची. आणि रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. परक्याला घास नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. त्यातलं साल, बी, काही घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. निर्मलाबाई खाली मान घालून म्हणाली, "ताई, पह्यलं फय मी कानबाईले बोलेल शे." पहिलं फळ देवीला बोललेलं, आणि फळ एकच. म्हणजे बी गेलं.

ताईंनी फळावरून हात फिरवला. मग माझ्यादेखत म्हणाल्या, "अगं, देवीला बाजारातला आणू एक मोठा. तिला काय कळतंय?" निर्मलाबाईने वेलाच्या पानावरची धूळ पदराने पुसली. मला तेव्हा ताईंचा चांगलाच राग आला होता, आणि तो ताईंना माझ्या तोंडावर दिसला असावा. त्यांनी निर्मलाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही गं. बोललीस ना, मग तो तिचाच." नेहमीचं "पुढे!" त्या दिवशी आलं नाही. रिक्षात अडाजणपर्यंत त्या पदराची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या.

कानबाईच्या रविवारी निर्मलाबाईचा फोन आला, दर्शनाला या म्हणून. दर्शनाला परक्यांना मज्जाव नसतो. ताईंनी डब्यात थालीपीठ घेतलं आणि आम्ही दोघी गेलो. चौरंगावर साडी नेसवलेली, नथ घातलेली कानबाई, समोर दिवे. स्वयंपाकघरातून गंगाफळाच्या भाजीचा वास येत होता. तो वास आला तेव्हा ताईंनी डोळे मिटले. नमस्कार केला आणि निघायला वळल्या, तर दारात म्हातारी, पाय पसरून.

"कोठे चालनी?" तिने विचारलं.

"जिन्यात," ताई म्हणाल्या. "तुमचं जेवण आहे. मी परकी, इथे कशी बसू?"

म्हातारी भिंतीला धरून उठली. सावकाश ताईंच्या पुढ्यात आली. "तुना नावनी मूठ काढेल शे मी," ती म्हणाली. तुझ्या नावाची मूठ काढली आहे मी. म्हातारीचा मोठा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "माय, मूठ माणसासनी ऱ्हास." मूठ पुरुषांची असते. आणि बाई तर जातीगोतातलीही नाही. म्हातारीने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मन्हा घमेलामा जी कोथमीर पिकाडस, ती परकी कशी व्हई?" ती म्हणाली. "पीठ कालवाई गयं. आते तिन्ही मूठ येगळी काढी दाखाड मले." पीठ तर कालवलं गेलं, आता तिची मूठ वेगळी काढून दाखव मला. मोठ्या मुलाला काही ते दाखवता येईना. त्याने मुकाट्याने ताईंसाठी पाट मांडला.

अशा रीतीने, पोस्टात एवढी वर्षं नियमाला चिकटून बसलेल्या आमच्या ताई भाऊबंदांच्या पंक्तीत बसून जेवल्या. भाजी कशी झालीय, असं निर्मलाबाईने विचारलं, तर या बाईने, जिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय, नुसती मान हलवली. हे सगळं मी उंबऱ्याबाहेरून पाहिलं, कारण माझ्या नावाची मूठ कुणी काढली नव्हती. नियम म्हणजे नियम! शेजारच्या गुजराती बेनला माझी दया आली आणि तिने मला वाटीभर गरम लोचो, वाफवलेल्या डाळीचा सुरती पदार्थ, दिला. तो खात मी रडले. लोचोत मिरची होतीच, पण ते काही खरं कारण नव्हतं.

निघताना निर्मलाबाईने ताईंच्या ओंजळीत धुऊन पुसलेलं बी ओतलं. ताई घाबरल्या. "अगं, हे बाहेर जात नाही ना?" म्हातारी आतूनच ओरडली, "भाऊबंदाच्या घरी चाललंय ते! तो आपलं बी कोणाले देस, ते त्यानं पाहावं." आणि त्याने पाहिलं. आज कोसाडपासून बमरोलीपर्यंत ज्या ज्या गॅलरीत जरीच्या काठावरून गंगाफळ लोंबतंय, ते अमळनेरकडच्या एका आईचं आहे.

आता ताईंचे गुडघे गेले. जिना चढवत नाही. मग कोसाडच्या बायांनी काय केलं, तर आळीपाळीने अडाजणला येऊन ताईंच्याच गॅलरीत वेल लावला. ताई खुर्चीत बसून हुकूम सोडतात, फार जवळ लावलात, पाणी जास्त झालं, हा डबा आचाऱ्याचा नव्हेच. बाया ऐकतात आणि आपल्याच मनाचं करतात. म्हातारी गेल्या थंडीत गेली. तिचं घमेलं निर्मलाबाईने ताईंच्या गॅलरीत आणून ठेवलंय, कोथिंबिरीसकट.

परवा निर्मलाबाईचा फोन आला, "ताई, तुम्हनी मूठ काढेल शे, गाडी धाडस." गाडी पाठवते म्हणे. फोन ठेवून ताई वेलाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माझ्यामागे त्या मुठीचं काय करतील गं?"

एरवी मी चार टोमणे मारले असते. त्या दिवशी म्हटलं, "तुमच्याच नावाने काढतील."

"मग तिला म्हणावं, दळण जरा जाडसर आण," ताई म्हणाल्या, "फार बारीक दळते ती." आणि डोळे पुसायला पदराचं टोक शोधू लागल्या. टोकाला नेहमीसारखी बियांची गाठ होती. मी माझी ओढणी पुढे केली.