पांढऱ्या सीटवरची उष्टी हळद

"मॅडम, गाडी आमची न्हाय," अण्णा म्हणाले. "व्याह्यांची हाय. चार वाजता नवरदेव ह्यात बसणार हाय."

सकाळचे साडेदहा झाले होते. मी मागचं दार उघडून उभी होते. आत दुधासारखी पांढरी लेदर सीट आणि तिच्यावर पिवळाधमक डाग. डाग कसला, अण्णांचा ठसाच होता. उष्ट्या हळदीची वाटी मांडीवरून कलंडली, तेवढ्यात स्पीड ब्रेकर आला आणि अण्णा हळदीवर नीट बसले. किती नीट, ते सीट सांगत होती. धोतराची मागची बाजूही सांगत होती.

मी होटगी रोडला डिटेलिंगचं दुकान चालवते. डिटेलिंग म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईनं साफ करणं. अण्णा मंगळवेढ्याचे, ज्वारीवाले शेतकरी. संध्याकाळी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, सोलापुरातल्याच कार्यालयात. नवरदेवाकडची हळद आणायला व्याह्यांनी कौतुकानं स्वतःची नवी गाडी दिली होती. गाडी चालवणारा पुतण्या ती माझ्या दारात लावून, उरलेली हळद घेऊन रिक्षानं कार्यालयात गेला, आणि अण्णा नि त्यांची मेहुणी माझ्याकडे थांबले. मेहुणीला सगळे मावशीच म्हणत होते, मग मीही म्हणू लागले.

"व्याही कसे आहेत?" मी विचारलं.

"गाडीत बसताना चप्पल हातात घ्यायला लावत्यात," अण्णा म्हणाले.

लेदर सीटवर रंगाचा एक पातळ थर असतो. डाग बहुतेक वेळा त्या थरावरच बसतो. जोरात घासलं तर डागाबरोबर रंगही निघतो, म्हणून घाई चालत नाही. मी आधी ओली हळद टिपून घेतली. मग लेदर क्लीनर लावून मऊ ब्रशनं गोल फिरवलं. वरचा थर निघाला, पण खालचा पिवळा रंग जागचा हलेना. हळदीत तेलही होतं. म्हटलं, थोडं ऑल पर्पज क्लीनर पाण्यात घालून बघू. हे साबणाच्या जातीचं लिक्विड. मी फडक्यावर घेतलं आणि पुसलं.

डाग लाल झाला.

गुलाबी वगैरे नाही, चांगला रक्तासारखा लाल. अण्णांनी आत वाकून बघितलं आणि फुटपाथवर मटकन बसले. एवढ्या वर्षांच्या कामात सीटचा रंग असा बदललेला मी पाहिला नव्हता. लेदर जळलं की काय, अशी शंका आली.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. व्याही.

"व्हय, व्हय, निघालोच की. पेट्रोल भरतोय." अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललोय, ते बी लेकीच्या लग्नादिवशी."

मावशी मात्र गाडीत डोकं घालून शांतपणे डाग बघत होत्या. जरीची साडी, गळ्यात दागिने, आणि सीटवर बोट फिरवणं चाललेलं. बोट नाकाला लावलं आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अवो, तुमी कुंकू केलंय की."

मला काही कळलं नाही.

"मी केमची. आमच्या गावात कुंकवाचाच धंदा. हळदीला चुना लावला की लाल होतंय, लहान पोराला बी ठावं हाय. तुमचं ते पाणी चुन्यासारखंच असंल. आता आंबट लावा, परत पिवळं होतंय."

माझ्याकडे सीटचं फिटिंग बघतात ते मुनीरभाई. ते समोरच्या हॉटेलातून व्हिनेगर घेऊन आले. मी त्यात भरपूर पाणी घातलं, आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यावर लावून बघितलं, मग डागावर फडकं ठेवलं. लाल रंग आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. अण्णा उठून उभे राहिले. "पिवळं झालं," ते इतक्या आनंदानं म्हणाले, की जणू पिवळी सीट हवी म्हणूनच ते आले होते.

"आणि पिवळं कसं घालवायचं?" मी मावशींना विचारलं. आता मी त्यांनाच विचारत होते.

"उन्हात टाका. हळद सावलीतच टिकती. उन्हात उडून जाती."

सोलापुरात उन्हाची टंचाई नाही. पण गाडीच्या मागच्या सीटवर ऊन पोचत नाही. मुनीरभाई म्हणाले, "सीटच भायेर काढू की." बऱ्याच गाड्यांची मागची बसायची गादी क्लिपांवर असते, दोन झटक्यांत सुटते. त्यांनी ती उचलून दुकानासमोर दोन स्टुलांवर ठेवली.

मग पुढचे तीन तास आम्ही ती सीट पापडासारखी वाळवली. नुसतं ऊन दिलं तर लेदर कडक होतं, म्हणून दर दहा मिनिटांनी मी ओलसर फडकं फिरवायची आणि कंडिशनर लावायची. कंडिशनर म्हणजे लेदरचं तेलपाणी. मावशी सावली सरकेल तशी स्टुलं सरकवायच्या. अण्णा छत्री घेऊन शेजारी राखणीला बसले. येणारा-जाणारा सीट विकायची आहे का विचारायचा. एका गृहस्थांनी तर बसूनही बघितलं, तेव्हा अण्णा त्यांच्यावर धावून गेले. मावशींनी आणि मी एकमेकींकडे बघितलं की हसू यायचं, आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. व्याह्यांचा फोन आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा अण्णा पेट्रोलच भरत होते.

तीन वाजता एक रिक्षा आमच्या समोरून गेली, थांबली आणि रिव्हर्स आली. आतून सफारी घातलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी आधी अण्णांकडे बघितलं, मग स्टुलांकडे.

"ही माझी सीट आहे का?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी छत्री व्याह्यांच्या डोक्यावर धरली.

"बसा की, व्याही," मावशी म्हणाल्या. "चप्पल काढून बसा."

मला वाटलं, लग्न मोडलं. व्याही खाली वाकले, सीट अगदी जवळून बघितली. डागाची जागा आता सायीच्या रंगाची झाली होती, माहीत असेल त्यालाच दिसली असती. मग त्यांनी अण्णांना वळायला सांगितलं आणि धोतराची मागची बाजू बघितली. तिथं सगळा पुरावा होता. त्यांचा चेहरा आधी कडक राहिला, मग हलला, आणि मग ते असे हसले की रिक्षावालाही उतरून बघायला आला.

"इतका वेळ पेट्रोल," ते म्हणाले. "मला वाटलं टाकी फुटली."

साडेतीनला सीट बसवली. चारला नवरदेव तिच्यावर बसून कार्यालयात गेला. लग्नाला मीही गेले, मुनीरभाईही. मावशींनी आम्हाला आग्रहानं वाढलं.

पुढच्या आठवड्यात व्याही गाडी घेऊन परत आले. मागची सीट एवढी उजळली होती की पुढच्या दोन्ही मळकट दिसत होत्या; त्याही तशाच करून हव्या होत्या.

डाग कशाचा आहे, हे मी गिऱ्हाइकाला नेहमीच विचारायची. आता लिक्विडला हात लावण्याआधी आणखी एक गोष्ट विचारते: त्या वस्तूचा धंदा करणारं तुमच्यात कोणी आहे का. असेल तर मी त्यांना आधी खुर्ची देते आणि मग बाटली उघडते.