भट्टीची लोकर

विमा कार्यालयाच्या खिडकीत दिवसभर लोकांची कटकट ऐकून संध्याकाळी घरी येतो, तेव्हा मला कुणाचाच आवाज नको असतो. आई गेल्यापासून घरात वडील आणि मी, दोघंच. वडिलांची सगळी नोकरी वाळूजला, प्रेस शॉपमध्ये गेली. पत्रा ठोकणाऱ्या त्या यंत्रांनी त्यांचे अर्धे कान नेले आणि आवाज मात्र दुप्पट केला. ते चहा मागतात तेव्हा शेजारच्या घरातही आधण चढावं. यात त्यांची चूक नाही, हे मला कळतं. पण माझे कान किटले होते.

म्हणून मागच्या खोलीत गाणी ऐकायची सोय करायची ठरवली. जुने स्पीकर होतेच. मोबाइलवर व्हिडिओ पाहून खोलीत टाळी वाजवली, तर चारी भिंती झणझणल्या. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. तो शोषून घ्यायला लाकडी चौकटीत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरायचं, कापडानं मढवायचं आणि भिंतीवर टांगायचं, एवढं समजलं. जे आतला आवाज खातं ते बाहेरचाही अडवेल, असं मी मनाशी धरून चाललो. खरं सांगतो, गाणी हे निमित्त होतं. मला वडील ऐकू यायला नको होते.

त्यांना अर्थात गाण्यांचंच सांगितलं. रॉकवूलचा नमुना चिमटीत धरून ते म्हणाले, “ही तर आमच्या कारखान्यातल्या भट्टीची लोकर! भट्टीच्या अंगाला लावत्यात ती. लई खाजती, हातमोजे घाल.” मग स्वतःच ओळखीच्या माणसाकडून वाळूजहून गठ्ठा आणला. गुण्या लावून चौकटींचा एकेक कोपरा काटकोनात बसवला. मी खुर्चीत बसायचं, त्यांनी भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकवायचा आणि मला आरशात स्पीकर दिसेल तिथं खूण करायची; स्पीकरचा आवाज तिथंच आपटतो, म्हणून चौकट तिथं टांगायची.

“दिसला का?”

“नाही, अण्णा.”

“आता?”

जड आरसा त्यांनी दोन्ही हातांनी पेलला होता. उठून आरसा आपण धरावा, असं वाटलं. पण दिवसभराच्या कामानंतर माझ्यात त्राण नव्हतं, आणि मी बसूनच राहिलो.

सहा चौकटी टांगून झाल्या. त्या रविवारी दुपारी दार लावून खुर्चीत टेकलो. गाणं लावलंच नाही. तेवढ्यात वडिलांचा आवाज आला, तोही नेहमीपेक्षा स्पष्ट. पूर्वी तो खोलीत घुमून गढूळ व्हायचा, आता शब्द न शब्द कळत होता. म्हणजे ही लोकर खोलीतला घुमारा तेवढा खाते, भिंतीपलीकडचा आवाज अडवायची ताकद तिच्यात नाही. सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून मी चरफडलो.

ते फर्दापूरच्या आत्याशी फोनवर बोलत होते.

“आक्का, मी तिकडंच येऊन राहू का? नाय गं, भांडण नाय. पोरगं लई थकून येतंय. माझा आवाज सोसंना त्याला. आता खोली करून घेतली त्यानं. गाण्यासाठी म्हणतो. मला काय कळत नाय व्हय? व्हय, मीच लावून दिली लोकर. त्याला तेवढाच आराम.” मग म्हणाले, “बोल, मोकळी बोल. दार लावून बसलाय. त्याला आता काय बी ऐकू येत नाय.”

मला माझीच लाज वाटली. उठून दार उघडलं. मला पाहताच वडिलांनी फोन कानाशी घट्ट धरला, पाठ वळवली, आणि मी जन्मात कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, “आक्का, ठिवतो.”